डेडवुड : कायदा पोहोचण्याआधीचे गाव
(द्वितीय वर्ष, कला)

राज्यशास्त्राच्या तासाला हॉब्ज आणि लॉक यांचा सामाजिक कराराचा सिद्धान्त चालू होता. निसर्गावस्थेतील माणूस, त्याचे भय, त्या भयातून जन्मणारी राज्यसंस्था हे सारे मी वहीत उतरवून घेत होते. पण खरे सांगायचे तर डोळ्यांपुढे काही उभे राहत नव्हते. हॉब्जने १६५१ साली 'लेव्हायथन' लिहिले, तेव्हा अशी अवस्था त्याने पाहिली तरी कुठे होती, असे मी विचारले. सर हसून म्हणाले, "पाहायचीच असेल तर 'डेडवुड' पाहा. मात्र घरी सगळ्यांसमोर लावू नका."

घरी लावण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. घरच्यांच्या समजुतीप्रमाणे मी वसतिगृहात रात्री फक्त अभ्यासच करते. तर अभ्यास म्हणूनच आम्ही चौघीजणींनी एकीच्या मोबाइलवर ही मालिका पाहावयास सुरुवात केली.

डेव्हिड मिल्च यांनी निर्माण केलेली ही मालिका अमेरिकेत २००४ ते २००६ या काळात एचबीओ वाहिनीवर दाखवली गेली. एकूण तीन पर्वे, प्रत्येकाचे बारा भाग. मिल्च यांना मुळात नीरोच्या काळातील रोममधील शिपायांवर मालिका करावयाची होती. परंतु त्या वाहिनीचे रोमवर वेगळे काम आधीच चालू होते. म्हणून तोच विषय, म्हणजे कायदा नसताना व्यवस्था कशी तयार होते हा प्रश्न, त्यांनी डकोटातील एका सोन्याच्या वसाहतीत नेऊन ठेवला.

ही वसाहत काल्पनिक नव्हे. १८६८च्या फोर्ट लॅरमी कराराने ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख लाकोटा सू लोकांचा म्हणून अमेरिकन सरकारने मान्य केला होता. १८७४ साली कस्टरच्या मोहिमेत तेथे सोने असल्याची वार्ता फुटली आणि गोऱ्या लोकांची रीघ लागली. १८७६ साली डेडवुड वसले ते असे, करार मोडून. तेथे अमेरिकेचा कायदा लागू नव्हता, कारण ती भूमी कायद्याने अमेरिकेची नव्हतीच. याचा पुरावा इतिहासातच आहे. २ ऑगस्ट १८७६ रोजी वाइल्ड बिल हिकॉक या नामांकित बंदूकबाजाला जॅक मॅकॉलने पत्ते खेळताना मागून गोळी घातली. खाणवाल्यांनी भरवलेल्या न्यायालयाने मॅकॉलला निर्दोष सोडले. पुढे यांक्टन येथे त्याच गुन्ह्यासाठी त्याच्यावर पुन्हा खटला झाला आणि १ मार्च १८७७ रोजी त्याला फाशी झाली. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालत नाही हे आपण नागरिकशास्त्रात शिकतो. पण डेडवुडचे न्यायालय हे न्यायालयच नव्हते, असे ठरवण्यात आले.

पहिले पर्व या खुनाभोवती फिरते. त्याबद्दल येथे फार लिहीत नाही, कारण आमच्या खोलीत खरी वादावादी झाली ती दुसऱ्या पर्वावर.

त्याआधी भाषेविषयी दोन शब्द. या मालिकेतील पात्रे अखंड शिव्या देतात. अमेरिकेत काही चाहत्यांनी म्हणे त्यांची मोजदादसुद्धा केली. त्या काळच्या शिव्या देवाधर्माच्या नावाने असत. त्या आज ऐकताना हास्यास्पद वाटल्या असत्या, म्हणून आजच्या शिव्या घातल्या, असे मिल्च यांचे स्पष्टीकरण आहे. मला मात्र शिव्यांपेक्षा त्यांच्यामधली वाक्ये जास्त अडली. ती लांबलचक, वळसे घेत जाणारी, क्रियापद कुठे येईल याचा भरवसा नाही अशी. आपली बखर वाचताना जसे दोनदा मागे जावे लागते, तसेच येथेही झाले. शब्दकोश उशाशी घेऊन मी मालिका पाहिली, असे सांगितले तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

दुसरे पर्व सुरू होते ते तारेच्या खांबांनी. गावाकडे तारायंत्राचे खांब येत आहेत, आणि जेम नावाच्या दारूगुत्त्याचा मालक अल स्वेरंजन आपल्या सज्जातून ते नाखुशीने पाहतो आहे. इयन मॅक्शेन यांनी ही भूमिका केली आहे आणि तिच्यासाठी त्यांना २००५ साली गोल्डन ग्लोब मिळाले. हा स्वेरंजन खुनी आहे, बायकांचा बाजार करणारा आहे. पण गावातील सर्वांत हुशार डोकेही त्याचेच. त्याच भागात तो आणि शेरीफ सेथ बुलक मारामारी करत सज्जावरून खाली चिखलात पडतात. पुढे कित्येक भाग स्वेरंजन मूतखड्याने अंथरुणाला खिळलेला असतो आणि त्याची माणसे दाराबाहेर सैरभैर होतात.

आमच्यातील एकीचे म्हणणे असे की, नायक स्वेरंजनच. कारण तो आपल्या गावासाठी लढतो. दुसरीने तिला सुनावले, "त्याच्या गुत्त्यातल्या मुलींना विचार नायक कोण ते." मी दुसरीच्या बाजूने आहे. खरा स्वेरंजन कामाच्या आमिषाने मुलींना बोलावून धंद्याला लावीत असे, अशी इतिहासात नोंद आहे. मालिकेत त्याला जी उंची मिळाली आहे ती लेखकाची देणगी. लेखकाने इतरही बदल केले आहेत. खऱ्या रेव्हरंड स्मिथचा २० ऑगस्ट १८७६ रोजी रस्त्यात खून झाला होता. मालिकेत मात्र तो मेंदूच्या आजाराने खंगत जातो.

असो. माझ्या मते या पर्वाचा गाभा मारामारीत नाही, तर एका नोटिशीत आहे.

गोष्ट अशी. डेडवुड आता डकोटा प्रदेशात रीतसर सामील होणार हे दिसू लागते. मग प्रश्न येतो की, कायदा नसताना लोकांनी ज्या जागा खणायला धरल्या, त्या कायदा आल्यावर त्यांच्याच राहतील काय? यांक्टनहून जॅरी नावाचा एक कमिशनर येतो आणि एक नोटीस लावली जाते. तिच्यात 'राहतील' असे नाही, 'जातील' असेही नाही. शब्द असे गुळमुळीत की, भ्यालेल्या माणसाने त्यातून भीतीच वाचावी. तिकडे जॉर्ज हर्स्ट या बड्या खाणमालकाचा हस्तक वॉलकॉट हा दुसरा गुत्तेवाला टॉलिव्हर याच्या मदतीने अफवा पसरवतो आणि घाबरलेल्यांच्या जागा कवडीमोलाने विकत घेत सुटतो. एकाही माणसावर पिस्तूल रोखावे लागत नाही! गाव चिडते, जॅरीच्या अंगावर धावून जाते. आणि तो हाती लागत नाही तेव्हा काही जण एका कृष्णवर्णीय माणसाला धरून डांबर फासायला निघतात. बुलक मध्ये पडतो. नोटीस कोणी लावली आणि मार कोणाला, हा हिशेब मला फार खरा वाटला.

ज्यांनी जागा विकली नाही त्यांत आल्मा गॅरेट ही विधवा आहे. तिच्या खाणीवर काम पाहणारा एल्सवर्थ हा वॉलकॉटला पूर्वीपासून ओळखून आहे. हर्स्टच्या खाणीत माणसे कशी मेली हे त्याला ठाऊक आहे. तिच्यापाशी असा माणूस होता म्हणून ती वाचली.

आमच्यापाशी तसा कोणी नव्हता. हे येथे लिहावे की नाही, याचा मी विचार केला. पण हा लेख मी त्याचमुळे लिहीत आहे. माझ्या जन्माआधी आमच्या गावात अशीच बातमी उठली होती की, ओढ्याकाठची सगळी रानं प्रकल्पात जाणार आणि पैसे मिळायला पंधरा वर्षे लागणार. चावडीवर एक कागद लागला होता. माझ्या आजोबांना, म्हणजे आबांना, वाचता येत नव्हते. ज्याने तो वाचून दाखवला, त्याच्याच ओळखीच्या माणसाने आठ दिवसांत अडीच एकर घेतली. प्रकल्प काही आला नाही. कागद खोटा होता असेही नाही. त्यात फक्त मोजणी होणार एवढेच लिहिले होते, असे पुढे कळले. घरात ही गोष्ट 'आबा फसले' या तीन शब्दांत... नव्हे, दोनच शब्दांत सांगितली जाते आणि सगळे गप्प होतात.

तो नोटिशीचा भाग पाहून झाल्यावर मी मोबाइल बंद करायला सांगितला. मैत्रिणींना वाटले, मला झोप आली.

लॉक म्हणतो, माणसे आपल्या मालमत्तेच्या रक्षणासाठी राज्यसंस्था निर्माण करतात. परीक्षेत मी तसेच लिहीन. परंतु डेडवुडमध्ये दिसते ते असे की, राज्यसंस्था येण्याच्या नुसत्या चाहुलीनेच गरिबाची मालमत्ता हातची जाते. शेवटी स्वेरंजन यांक्टनला हुलकावणी देतो. बुलकला मोंटानाकडून बोलावणे असल्याचा देखावा उभा करून तो अटी पदरात पाडून घेतो आणि करारावर सही होते. तोवर हर्स्टची खरेदी होऊन गेलेली असते. पर्वाच्या अखेरच्या भागात तो स्वतः गावात येऊन दाखल होतो. इतिहासातही हर्स्टने १८७७ साली जवळच्या लीड गावची होमस्टेक खाण घेतली. ती पुढे २००२ साली बंद झाली.

मालिकेवर माझा एक आक्षेप आहे आणि तो आमच्या खोलीत कोणाला पटला नाही. जागेच्या कागदासाठी एवढा आक्रोश चालतो. पण ज्यांची ती जागा होती ते लाकोटा जवळजवळ कोठेच नाहीत. आहे ते एक कापलेले शिर, पेटीत ठेवलेले. स्वेरंजन त्याच्याशी एकांतात बोलतो आणि ते उत्तर देत नाही. मैत्रीण म्हणाली, हेच तर लेखकाला दाखवायचे आहे. असेलही. पण त्या लोकांनी प्रत्यक्षात उत्तर दिले आहे. २८ फेब्रुवारी १८७७च्या कायद्याने ब्लॅक हिल्स काढून घेण्यात आले. त्याविरुद्धची त्यांची लढाई शतकभर चालली, आणि ३० जून १९८० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाई देण्याचा निकाल दिला. दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम झाली. ती त्यांनी घेतली नाही. जमीन विकायला काढलीच नव्हती, असे त्यांचे म्हणणे. न उचललेली रक्कम व्याजाने वाढून शंभर कोटी डॉलरच्या पलीकडे गेली आहे.

मालिका २००६ साली अर्धवट बंद पडली आणि चाहते तेरा वर्षे हळहळत राहिले. २०१९ साली एक चित्रपट निघाला, त्याची कथा १८८९मध्ये घडते. हर्स्ट पुन्हा गावात येतो, आता सिनेटर होऊन. त्याला पुन्हा एकाची जमीन हवी असते. या वेळी टेलिफोनचे खांब रोवायला.

दिवाळीत मी आबांना ही सगळी गोष्ट सांगितली, शिव्या वगळून. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग लाकोटांचे पुन्हा विचारले, "पैसं घेतलंच न्हाईत?"

"नाही आबा. अजून नाही."

"किती माणसं हायती म्हनं?"

मला आकडा सांगता आला नाही.