व्होकलिस्ट पाहिजे (मुलगी असल्यास उत्तम!)

ही नोटीस आपल्या कॅन्टीनशेजारच्या बोर्डावर लागली तेव्हा माझ्या रूममेटने मला हाताला धरून तिथे नेलं. (माझी सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली, तेव्हा पुढच्या ऱ्हस्व-दीर्घांबद्दल मराठीच्या मॅडमनी आत्ताच माफ करावं.) शाळेच्या क्वायरमध्ये मी आठ वर्षं गायले आहे, त्यामुळे गाण्याची भीती नव्हती. भीती वेगळीच होती. बँडमध्ये चार मुलं, प्रॅक्टिस रात्री ८ नंतर, जागा वर्कशॉपच्या मागची खोली आणि मुलगी मी एकटी.

भीतीला कारणही होतं. फर्स्ट इयरच्या सुट्टीत मी एका ऑर्केस्ट्राबरोबर दोन लग्नांत गायले. तिसऱ्या कार्यक्रमाआधी तिथला एक वादक म्हणाला, "एक्स्ट्रा रिहर्सल आहे, लॉजवर ये, बाकीचे पण येतायत." मी बाकीच्यांना फोन केला, तर कुणाला पत्ताच नव्हता! मी गेले नाही. मग महिनाभर रात्री १-१ वाजता त्याचे मेसेज. घरी सांगितलं असतं तर गाणं बंद, हे ठरलेलंच. म्हणून सांगितलं नाही, आणि शेवटी मीच गाणं बंद केलं. आठ महिने! चूक त्याची अन् शिक्षा मला.

नोटीस पाहिल्यावर ठरवलं, की सबमिशनसारखा हा विषयही नीट अभ्यासायचा.

सुरुवात आज्जीपासून केली. ती तुळजापूरकडची, तरुणपणी आराध्यांच्या मेळ्यात गायची. मी विचारलं, "मेळ्यात पुरुष नसायचे का?" ती म्हणाली, "होते की! संबळ कोण वाजवणार मग? पण आम्ही पाच-सहा बाया संगं असायचो. मुक्कामाला म्हाताऱ्या आराधिणीपाशीच झोपायचं. एकटी बाई कुणासंगं म्होरं जायची न्हाई." मला एकदम कोजागिरी आठवली. सोलापूरहून तुळजापूरपर्यंत सुमारे ४५ किलोमीटर रात्रभर माणसं चालतात, त्यात कितीतरी बायका असतात. तोच रस्ता, तीच रात्र. पण आजूबाजूला हजारो लोक असतात.

मग लायब्ररी. बायकांनी पुरुषांबरोबर स्टेजवर उभं राहणं काही नवीन नाही. पुरुष नट स्त्रियांच्या भूमिका करत होते, त्या काळात हिराबाई बडोदेकर नाटकात उतरल्या. पण ती मंडळी घरचीच होती, आई ताराबाई आणि भावंडं बरोबर. विठाबाई नारायणगावकरांचा फडही घरचाच. म्हणजे त्या काळी सुरक्षेची सोय एकच, स्वतःची माणसं. ती तरी पुरी होती का? तमाशा चालू असताना विठाबाई बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि परत बोर्डावर आल्या, ही गोष्ट आपण धैर्य म्हणून सांगतो. मला मात्र प्रश्न पडला, की दिवस भरलेल्या बाईला नाचावं लागत होतं तेव्हा तिची काळजी घेणं कुणाचं काम होतं?

आमच्याकडे सगळे एक उपाय हमखास सांगतात, "मुलींचाच बँड काढा ना!" काढू की. पण काश्मीरमध्ये 'प्रगाश' हा शाळकरी मुलींचाच बँड होता. २०१३ मध्ये धमक्या आल्या आणि तो बंद पडला. उलट, केरळच्या सिनेमासृष्टीवरचा हेमा समितीचा अहवाल २०२४ मध्ये बाहेर आला, त्यातल्या गोष्टी अगदी साध्या आहेत. शूटिंगच्या जागी टॉयलेट नाही, कपडे बदलायला जागा नाही, मुक्कामाच्या हॉटेलात रात्री दारावर थाप. मला वाटतं, आपण "मुलं कशी आहेत?" हे विचारत बसतो आणि खोली, गाडी, वेळ याबद्दल विचारायचं राहून जातं.

कायद्याचा भाग वाचून मात्र मी डोक्याला हात लावला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बिनपगारी काम करणाऱ्या बाईलाही लागू आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणासाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. म्हणजे त्या छोट्या ऑर्केस्ट्राची तक्रार मला करता आली असती! साधारणपणे तीन महिन्यांच्या आत, लेखी. स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा मेसेज करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. मी नकार कधी स्पष्ट लिहिलाच नाही, वर सगळे मेसेज डिलीट केले. तुम्ही तसं करू नका. एकदा "मला मेसेज करू नका" असं लिहा आणि स्क्रीनशॉट ठेवा. कॉलेजसाठी यूजीसीचे २०१५ चे नियम आहेत. त्यांत कॅम्पस म्हणजे नुसतं कंपाउंड नव्हे. कॉलेजने नेलेली सहल, सांस्कृतिक महोत्सव, तिथली ने-आणसुद्धा त्यात येते. म्हणून बँड कॉलेजच्या नावावर नोंदलेला असणं महत्त्वाचं. चार मित्रांनी परस्पर काढलेल्या बँडला हे कसं लावायचं, यावर वाद होऊ शकतो. (अंतर्गत तक्रार समितीत कोण आहे, हे माझ्या फ्लोअरवर एकीलाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.)

एवढं झाल्यावर मी बँडवाल्यांना भेटले आणि चार गोष्टी मागितल्या. प्रॅक्टिस ५ ते ७, सेमिनार हॉलमध्ये, दार उघडं. किल्ली वॉचमनकाकांच्या रजिस्टरवर. बाहेरगावी कॉलेजची गाडी, बरोबर एक मॅडम आणि निदान अजून एक मुलगी. आणि ग्रुपवर जे ठरेल तेच खरं, मला एकटीला वेगळा निरोप नको.

ड्रमर तोंड पाडून बसला. "म्हणजे आमच्यावर विश्वास नाही का?" तो इलेक्ट्रिकलचा. मी म्हटलं, "चांगल्या कंपनीची मोटर आणली म्हणून तू अर्थिंग सोडतोस का रे?" तो हसला नाही, पण गप्प बसला. बेसवाला म्हणाला, दार उघडं ठेवलं तर आवाजाची कंप्लेंट येईल. हा मुद्दा मात्र बरोबर होता. शेवटी काचेच्या दाराची छोटी लॅब मिळाली, दार बंद पण आतलं सगळं दिसतं.

तीन आठवडे झाले, प्रॅक्टिस चालू आहे. कीबोर्डला सेकंड इयरची एक मुलगी आली, त्यामुळे मी आता एकटी नाही. ड्रमर अजून कुरकुरतो, पण ७ वाजता घड्याळ तोच दाखवतो.

सोलापूरच्या स्पर्धेचं अडलंय. आमचा नंबर रात्री ९ ला आणि गर्ल्स हॉस्टेलचं गेट ८ ला बंद. बॉईज हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं, हे मी इथे लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे! रेक्टर मॅडमकडे आम्ही दोघींनी अर्ज दिलाय, सोबत गाडीचा नंबर, येणाऱ्या मॅडमचं नाव आणि परतायची वेळ. पप्पा म्हणाले, "मॅडमची सही झाली की मला फोन कर." मॅडमनी अर्ज ठेवून घेतलाय.