दंडाची लोंबती कातडी : शस्त्रक्रिया करावी का?

वजन पुष्कळ उतरले की दंडाची ताणलेली कातडी लोंबते. व्यायामाने स्नायू भरतात, पण ती कातडी फारशी आवळत नाही. शस्त्रक्रियेने ती काढता येते. मात्र काखेपासून कोपरापर्यंत व्रण कायम राहतो. कातडी अधिक सलते की तो व्रण सलेल, हे आधी स्वतःशी ठरवावे. घामाने घडीत वारंवार चिघळत असेल, तर कारण सबळ.

आमचे सांगणे असे : वजन निदान ६ महिने स्थिर राहू द्या, मधुमेह आटोक्यात आणा, तंबाखू-विडी सोडा, नाहीतर जखम नीट भरत नाही. नंतर सुमारे ६ आठवडे घागर वा भारा उचलू नये. म्हणून पेरणी-कापणीचे दिवस टाळा. कामात अडचण नसेल, तर लांब बाह्यांचे पोलकेही पुरे.