मोठ्या परीक्षेची तयारी, थोड्या पैशांत

दसरा झाला की आपल्या तलवाड्याच्या आसपासच्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. कोयते कारखान्याकडे निघतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शिकणारी पोरं. त्यांत एखादी पोर बारावी सायन्सला असते. तिला डॉक्टर व्हायचे असते. हा धडा तिच्यासाठी आहे, पण वाचायचा आहे तिच्या आईबापांनी.

डॉक्टरकीच्या परीक्षेला नीट म्हणतात. पेपर मराठीतही मिळतो. 2025 साली 180 प्रश्न होते आणि वेळ 180 मिनिटे. बरोबर उत्तराला 4 गुण. चुकले तर 1 गुण वजा. आता हिशेब करू. पोरीने 100 प्रश्न सोडवले. 80 बरोबर आले, 20 चुकले. 320 मधून 20 गेले, राहिले 300. ते 20 सोडून दिले असते तर 320 राहिले असते. म्हणून अंदाजाने गोळे काळे करू नयेत. इंजिनिअरिंगला राज्याची सीईटी असते. तिथे चुकल्याचे गुण कापत नाहीत, म्हणून तिथे एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

आता पैशाचे. गेल्या भादव्यात शेजारच्या वस्तीवरचा एक गडी आमच्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, मुकादमाकडून उचल वाढवून घेतो. पोरीला लातूरला क्लासला घालतो."

आम्ही त्याला बसवून घेतले. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, पण उचल काय असते ते इतकी वर्षे पाहतो आहोत. क्लास वाईट नाही. लातूरला गावोगावची पोरं शिकतात. पण उचल ऊस तोडूनच फेडायची. फिटली नाही तर पुढचा हंगाम आधीच विकलेला. आणि आईबाप फडात वाकलेत, हे पोर क्लासात बसून विसरत नाही.

मग लागते काय? अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पुस्तके. ती फोनवर फुकट मिळतात. पण घरात फोन एक, आणि तो जातो फडावर! त्यापेक्षा गेल्या साली परीक्षा दिलेल्या पोराकडून जुना संच घ्यावा. मागचे पेपर गेवराईला झेरॉक्स करून आणावेत. घड्याळ लावून ते घरीच सोडवावेत.

सरकारची महाज्योती नावाची संस्था आहे. इतर मागास, विमुक्त, भटक्या आणि विशेष मागास घरांतल्या पोरांना ती नीट-सीईटीची शिकवणी फुकट देते, टॅबही देते. अर्ज दहावीनंतर लगेच करावा लागतो. हे पुष्कळांना बारावीत कळते, तोवर उशीर झालेला असतो.

खरी चणचण वेळेची असते. आईबाप गेले की म्हैस, शेण, पाणी, भाकरी आणि धाकटी भावंडं सगळी त्या पोरीच्या माथी. रात्री पुस्तक उघडते आणि तिथेच डोळा लागतो. आम्ही त्या गड्याला म्हणालो, "क्लासचं राहू दे. म्हैस या साली बहिणीच्या दावणीला बांध. धाकटा मामाकडं धाड." त्याच्या कारभारणीला हे आधी पटले. दुभतं जनावर दुसऱ्याच्या दारी बांधायचे म्हणजे सोपे नाही. पण तिने बांधले. पोरीला पहाटेचे तीन तास मोकळे झाले.

राहिली कागदपत्रे. 2025 साली नीटचा फॉर्म फेब्रुवारी-मार्चात भरला गेला. परीक्षा 4 मे रोजी झाली. फॉर्म भरायच्या वेळी आईबाप फडात असतात. फीसुद्धा खुल्या गटाला 1700 रुपये, इतर मागासांना 1600 आणि अनुसूचित जाती-जमातींना 1000 होती. तेवढी रक्कम जाताना घरी ठेवून जावी. राखीव जागा घ्यायची तर जातीचा दाखला लागतो. राज्यातल्या प्रवेशाला जात पडताळणीही लागते. तिला वेळ लागतो, म्हणून अकरावीतच अर्ज करावा. नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्न, अधिवास हे दाखले दसऱ्याच्या आत सेतू केंद्रातून काढून पत्र्याच्या पेटीत ठेवावेत. 2024-25 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इतर मागास आणि आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींची कॉलेजची फी राज्य सरकार भरते. प्रवेश मात्र सरकारी फेरीतून झाला पाहिजे. तिथेही हेच कागद लागतात.

नाव सगळीकडे एकसारखे हवे. दहावीच्या गुणपत्रिकेत एक आणि दाखल्यावर दुसरे, असे झाले की खेटे सुरू होतात. तो गडी आमच्या रात्रीच्या वर्गाला येत होता. दाखला हाती आल्यावर तो आमच्या ओट्यावर बसला आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागला. आडनावापाशी बोट थांबले.

"गुरुजी, इथं एक वेलांटी कमी हाय."

आम्ही चष्मा लावून पाहिले. खरेच कमी होती. दसऱ्याला आठ दिवस होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने तो गेवराईला गेला.