रूळ गेले, चित्रे उरली

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कोलोरॅडो नावाचे एक डोंगराळ राज्य आहे. त्याच्या नैर्ऋत्य भागातील सान हुआन पर्वतात एके काळी चांदीच्या खाणी भरभराटीस आल्या होत्या. तेथील खनिज खाली आणण्यासाठी ओटो मिअर्स नावाच्या उद्योजकाने १८९० व १८९१ साली रिजवे ते दुरँगो असा १६२ मैलांचा लोहमार्ग बांधला. त्याचे नाव ‘रिओ ग्रँड सदर्न’. त्याच्या दोन रुळांमधील अंतर अवघे ३ फूट होते. कारण अरुंद मार्गालाच डोंगरातील अवघड वळणे घेता येतात.

ओफिर गावाजवळ हा मार्ग मोठा वळसा घेऊन उंच लाकडी पुलांवरून वर चढे. पुढे १०,००० फुटांहून अधिक उंचीची एक खिंड लागे. तेथील सुळका सरड्याच्या डोक्यासारखा दिसतो, म्हणून तिला ‘लिझर्ड हेड’ म्हणतात.

परंतु १८९३ साली चांदीचा भाव कोसळला आणि मार्गाला उतरती कळा लागली. पुढे आगगाडीचा खर्चही परवडेना. तेव्हा १९३१ पासून जुन्या मोटारींना लोखंडी चाके बसवून त्या रुळांवर धावू लागल्या. त्यांच्या डुलत्या चालीवरून लोकांनी त्यांना ‘उधळलेले हंस’ असे गमतीचे नाव दिले.

अशा मोडकळीस आलेल्या मार्गाचे कौतुक कोणाला असणार? पण ते ओटो पेरी यांना होते. डेन्व्हर शहरात टपाल वाटणे हा त्यांचा व्यवसाय. सवड मिळताच ते कॅमेरा घेऊन आगगाड्यांच्या शोधात निघत.

हे काम सोपे नव्हे. ऊन इंजिनावर कोणत्या बाजूने पडेल, हे आधी पाहावे लागते. चढावर गाडी मंद चालते, धुराचा लोट उंच उठतो. थंड हवेत वाफही दाट व शुभ्र दिसते. म्हणून छायाचित्रकार अशी जागा हेरून वाट पाहत राहतो. गाडी समोर आली, की कळ दाबण्यास क्षणच मिळतो.

१९५१ साली वाहतूक थांबली आणि पुढे रूळही उखडले गेले. पेरी १९७० साली वारले. त्यांनी देशभर घेतलेली सुमारे २०,००० छायाचित्रे डेन्व्हरच्या सार्वजनिक ग्रंथालयात जपलेली आहेत. त्यांच्या नोंदींत इंजिनाचा क्रमांक, स्थळ व दिनांक सापडतो. म्हणूनच ती केवळ शोभेची चित्रे न राहता इतिहासाची साधने झाली.

मुलांनो, नित्य दिसणारी वस्तू आपल्याला सामान्य वाटते. ती नाहीशी झाल्यावर तिची आठवण येते. पण तेव्हा चित्र घेता येत नाही. तुमच्या गावचा जुना पूल, घाट, गिरणी आजच डोळे भरून पाहा. चित्र काढा अथवा टिपण करा. मात्र त्याखाली स्थळ व दिनांक लिहिण्यास विसरू नका.

स्वाध्याय
१. हा लोहमार्ग अरुंद का बांधला?
२. पेरी यांची छायाचित्रे इतिहासाची साधने कशी ठरली?