घोषणा ऐकली आणि हप्ता सोडला

सप्टेंबर महिना आमच्या धंद्यात ओढाताणीचा. मानवतला माझं कृषी सेवा केंद्र आहे. कपाशीवर फवारण्या चालू असतात, औषधं उधारीवर गेलेली असतात आणि पैसा हातात येतो तो कापूस विकल्यावर. नेमकी त्याच महिन्यात आमच्या मेडिक्लेमच्या नूतनीकरणाची तारीख यायची.

पॉलिसी २०१७ ची. बायकोला तेव्हाच बीपीचा त्रास होता. तो फॉर्ममध्ये लिहिला होता, म्हणून त्या आजारासाठी चार वर्षांची प्रतीक्षा लागली. ती २०२१ मध्ये संपली. म्हणजे ज्यासाठी इतके हप्ते भरले, ते संरक्षण आता कुठे पूर्ण झालं होतं. हे मला तेव्हा नीट कळलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

२८ जून २०२३ ला राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय आला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर जाणार, १,३५६ उपचार त्यात येणार आणि योजना सगळ्यांना लागू होणार, कार्ड पिवळं असो, केशरी असो की पांढरं. दुकानात पेपर वाचता वाचता मी मनाशी म्हटलं, आता एकवीस हजारांचा हप्ता कशाला? सप्टेंबरमध्ये कंपनीचे दोन-तीन मेसेज आले. तारखेनंतरही हप्ता भरायला तीस दिवसांची सवलत असते, तीही जाऊ दिली. पुढे १ जुलै २०२४ पासून वाढीव योजना प्रत्यक्षात सुरूही झाली. निर्णय बरोबर ठरला असंच वाटत होतं.

जानेवारी २०२५ मध्ये, रात्री साडेबाराच्या सुमारास बायको उठून बसली. घामानं पदर ओला झालेला. "अहो, छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटतंय." गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि म्हणाले, थांबू नका. भाचा नांदेडला असतो, म्हणून गाडी नांदेडकडे घेतली. परभणी मागे पडलं, पूर्णा मागे पडली. वाटेत भाच्याला फोन केला. त्यानं ओळखीच्या रुग्णालयाचं नाव सांगितलं, तिथंच गेलो.

काउंटरवर मी रेशनकार्ड पुढे केलं. पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, "काका, आमचं हॉस्पिटल योजनेत नाही." अशा वेळी माणूस दुसरीकडे हलायचं धाडस करत नाही. मीही केलं नाही. अँजिओप्लास्टी झाली, ती वाचली. डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. बिल झालं दोन लाख चाळीस हजार. औषध कंपन्यांना द्यायला जमवलेली वसुली त्यात गेली.

तिसऱ्या दिवशी बाहेर चहाच्या टपरीवर पालमकडचा एक शेतकरी भेटला. त्याच्या भावाचीही तीच शस्त्रक्रिया, जवळच्याच दुसऱ्या रुग्णालयात झालेली. तिथल्या आरोग्यमित्रानं कार्ड आणि आधार घेऊन सगळं करून दिलं, पैसा लागला नाही. तो सांगत होता आणि माझ्या हातातला चहा गार होत होता. योजना तिथंच होती, आमच्यापासून चालत जाण्याइतकी जवळ. मी कोणती रुग्णालयं योजनेत आहेत हे दीड वर्षात एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून आता जो दुकानात येतो त्याला सांगतो. योजना चांगली आहे, पण ती अंगीकृत रुग्णालयात आणि यादीतल्या उपचारालाच चालते. पाच लाख हे माणशी नसतात, सगळ्या कुटुंबाला मिळून वर्षाचे असतात. घरात कुणी आजारी नसताना १५५३८८ ला फोन लावा, आपल्या जवळची रुग्णालयं विचारा आणि हृदय, अपघात, मेंदू यांपैकी कशासाठी कुठं जायचं ते लिहून ठेवा. भाचा कुठं राहतो यावर रुग्णालय ठरवू नका.

कार्डही उघडून बघा. आमच्या सुनेचं नाव लग्नानंतर तीन वर्षांनीही सेलूच्या, तिच्या माहेरच्या कार्डावर होतं. ते कमी करून इथं चढवायला तहसीलच्या पुरवठा विभागात चार खेपा झाल्या. आधारवरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळतंय ना, तेही पाहा. रात्री दोन वाजता तहसील उघडं नसतं.

आणि चालू असलेली पॉलिसी सोडू नका. हप्ता जड जात असेल तर विम्याची रक्कम कमी करता येते का विचारा, किंवा दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करा. त्यासाठी नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, पण भोगून झालेली प्रतीक्षा नव्या कंपनीत मोजली जाते. पॉलिसी तुटली की ती सगळी वर्षं वाया जातात. एप्रिल २०२४ पासून जुन्या आजारांची प्रतीक्षा जास्तीत जास्त चार वर्षांऐवजी तीन वर्षांवर आली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. दोन्ही बदल सामान्य माणसाच्या भल्याचे, फक्त मला त्यांचा फायदा शून्यापासून सुरू करून घ्यावा लागला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी पॉलिसी घेतली. एजंट म्हणाला, अँजिओप्लास्टी लिहू नका, हप्ता वाढेल. मी लिहिली. आजार लपवला आणि दाव्याच्या वेळी तो उघडकीला आला, तर कंपनी हात वर करते. पाच वर्षं सलग हप्ते भरल्यावर कंपनीला असा आक्षेप घेता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर तेही कवच उरत नाही. हप्ता वाढला, तो भरला.

कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर योजनेतल्या तीन रुग्णालयांची नावं, १५५३८८ आणि पॉलिसीचा नंबर आहे. बायकोच्या हृदयासाठी ही पॉलिसी लागू होईल ऑक्टोबर २०२८ मध्ये. तोवर तिच्यासाठी वरची तीन नावं. ती तिनंच मोठ्या अक्षरात लिहिली आहेत, चष्म्याशिवाय दिसावीत म्हणून.