आधी मोजा, मग खोला

गेल्या सत्रात आमच्या हॉबी वर्कशॉपमध्ये एक जुने आर्केड यंत्र आले. बंद पडलेल्या एका व्हिडिओ पार्लरमधून ते शाळेला भेट मिळाले. लाकडी कपाट, पुढे दोन जॉयस्टिक, आत काचेचा जाडजूड मॉनिटर आणि १९९१ सालचा 'स्ट्रीट फायटर टू' हा खेळ. सुट्टीत घरी सांगितले तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता, "मुस्तफा आहे का त्यात?" मुस्तफा म्हणजे १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. आपल्याकडच्या पार्लरमध्ये तो खेळ त्यातल्या एका पात्राच्या नावानेच ओळखला जायचा.

आमच्या यंत्रात दोन बिघाड होते. पहिला, चित्रात लाल रंग नव्हता. केनचे लाल कपडे काळपट दिसत आणि रियूचे पांढरे कपडे निळसर हिरवे. दुसरा, आवाज अजिबात नव्हता. हे बिघाड कसे शोधायचे आणि त्यात माझे कुठे चुकले, ते ज्युनियर कॅडेट्सना उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

सुरुवात सुरक्षेपासून

रंगीत पिक्चर ट्यूबला २० हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो. ट्यूब स्वतः कपॅसिटरसारखी वागते, म्हणून प्लग काढल्यावरही हा भार तिच्यात राहू शकतो. "बंद आहे" म्हणजे "सुरक्षित आहे" असे नाही. शिवाय ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते. तिची मान तुटली तर काच फुटून इजा होऊ शकते.

आमच्या वर्कशॉपचे नियम असे आहेत: एकट्याने काम करायचे नाही. घड्याळ, कडे, अंगठी काढून ठेवायची. चालू यंत्रात मोजताना एक हात पाठीमागे. ट्यूबमधला भार काढणे आणि मॉनिटरच्या बोर्डाला हात लावणे हे काम फक्त साहेबांचे. आमचे वर्कशॉप इन्स्ट्रक्टर ईएमईमधून निवृत्त झालेले सुभेदार आहेत, त्यामुळे आम्ही त्यांना साहेब म्हणतो. कॅडेटने तारा, कनेक्टर, स्पीकर आणि मल्टिमीटर एवढेच हाताळायचे. बहुतेक बिघाड तेवढ्यातही सापडतात.

यंत्राचे चार भाग

पॉवर सप्लाय, गेम बोर्ड, मॉनिटर आणि स्पीकर हे यंत्राचे चार भाग. गेम बोर्ड ५६ पिनांच्या एका लांब कनेक्टरने जोडलेला असतो. त्याला जामा म्हणतात. जपानमधल्या यंत्र उत्पादकांच्या संघटनेने १९८५ साली ही पद्धत ठरवली आणि संघटनेच्या आद्याक्षरांचेच नाव तिला मिळाले. पिनांची जागा ठरलेली असल्यामुळे तपास सोपा होतो. पिन ३ आणि ४ वर ५ व्होल्ट, ६ वर १२ व्होल्ट, १० वर स्पीकर, १२ वर लाल आणि १३ वर निळा रंग. मागच्या बाजूच्या पिनांना इंग्रजी अक्षरे असतात. तिथे एन वर हिरवा रंग आणि पी वर सिंक, म्हणजे चित्र जागेवर धरून ठेवणारा संकेत.

चित्राचे बिघाड

पडदा पूर्ण काळा असेल तर आधी ट्यूबच्या मानेत पाहावे. तिथे नारिंगी उजेड आहे का? बहुतेक रंगीत मॉनिटरमध्ये हा हीटर फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरवर चालतो. म्हणून उजेड दिसला तर फ्लायबॅक चालू आहे एवढे नक्की कळते. उजेड नसेल तर फ्यूज आणि मॉनिटरला येणारी वीज आधी तपासावी.

पडद्याच्या मध्ये फक्त एक आडवी चमकदार रेघ दिसली, तर चित्र वरखाली पसरवणारा भाग बंद आहे. अशा वेळी ब्राइटनेस लगेच कमी करावा, नाहीतर ती रेघ पडद्यावर कायमची जळून उमटते. चित्र धावत किंवा फाटत असेल तर सिंकची तार सुटली आहे का ते पाहावे. एखाद्या कोपऱ्यात रंगांचे डाग पडत असतील तर पडद्याला चुंबकत्व आले असावे. कोणी स्पीकर जवळ ठेवला नाही ना, हे आधी बघावे.

आता आमचा लाल रंग. दोष बोर्डात आहे की मॉनिटरमध्ये? साहेबांनी एकही सुटा भाग न बदलता हे दाखवले. यंत्र बंद करून मॉनिटरकडे जाणाऱ्या लाल आणि हिरव्या तारांची अदलाबदल केली आणि यंत्र पुन्हा चालू केले. आता हिरवा रंग गेला असता, तर लाल संकेत बोर्डाकडूनच येत नाही असे ठरले असते. पण पडद्यावर अजूनही लाल रंगच नव्हता. म्हणजे बोर्ड निर्दोष, दोष मॉनिटरमध्ये. पुढचे काम साहेबांनी स्वतः केले. ट्यूबच्या मानेवर बसणाऱ्या छोट्या बोर्डावर एका जोडाचे सोल्डर तडकलेले निघाले.

आवाजाचे बिघाड

स्पीकर तपासायला त्याची एक तार सोडवावी आणि दीड व्होल्टच्या सेलची टोके क्षणभर टेकवावीत. 'टक्' असा आवाज आला तर स्पीकर जिवंत आहे. ८ ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो. सतत घुंऽऽ असा आवाज येत असेल तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर किंवा ग्राउंडची तार तपासावी. आवाज फाटका येत असेल तर स्पीकरचा कागद फाटला आहे का पाहावे.

काही आवाज येतात आणि काही येत नाहीत, हा तर चांगला सुगावा. 'स्ट्रीट फायटर टू'मध्ये संगीत एक चिप तयार करते आणि पात्रांच्या आरोळ्या दुसरी. संगीत ऐकू येते पण आरोळी येत नाही, असे असेल तर ॲम्प्लिफायर आणि स्पीकर दोन्ही सुटले. ते खराब असते तर संगीतही आले नसते.

माझी चूक

आमच्या यंत्रात काहीच ऐकू येत नव्हते. स्पीकर मी तपासला, तो चांगला होता. मग मी वर्कशॉपच्या रजिस्टरमध्ये लिहिले, "ॲम्प्लिफायर आयसी जळला आहे." साहेब रजेवर होते. दोन रविवार घालवून मी तो आयसी काढला आणि नवा बसवला. काढताना बोर्डावरची तांब्याची एक पट्टी उचकटली. तरी आवाज आला नाही.

साहेब परत आले. त्यांनी बोर्ड पाहिला, रजिस्टर वाचले आणि एकच प्रश्न विचारला, "बारह व्होल्ट देखा?"

मी पाहिले नव्हते. चित्र दिसते म्हणजे वीज येते, असे मी धरून चाललो होतो. पण बोर्डाचा मेंदू ५ व्होल्टवर चालतो आणि ॲम्प्लिफायर १२ व्होल्टवर. एक असून दुसरे नसू शकते. साहेबांनी मीटर माझ्या हातात दिला. पॉवर सप्लायवर १२ व्होल्ट होते, कनेक्टरच्या ६ नंबरच्या पिनवर शून्य. ती पिन काळी पडली होती. नवी पिन बसवायला पाच मिनिटे लागली. आधी मोजले असते तर आयसीला हात लावायची वेळच आली नसती. उचकटलेल्या पट्टीच्या जागी साहेबांनी एक निळी तार जोडून दिली. यंत्र चालू केले आणि आवाज आला.

मला वाटले, आता साहेब बोर्डाबद्दल रागावतील. पण त्यांनी रजिस्टर पुढे केले. म्हणाले, आयसी खराब नव्हता हे मला आता कळले. पण रजेवरून येऊन मी हेच वाक्य खरे मानले असते, तर मीही चुकलो असतो. तू पाहिले ते लिहायचे होतेस, तुला वाटले ते नाही. मी ती ओळ एका रेघेने खोडली, खाली सही केली आणि लिहिले, "आवाज नाही. स्पीकर ठीक. १२ व्होल्ट तपासले नव्हते."

आता आमच्या रजिस्टरमध्ये दोन रकाने आहेत: 'मोजले' आणि 'अंदाज'. दुसरा रकाना भरायला मनाई नाही, पण पहिला रिकामा ठेवून दुसरा भरता येत नाही. यंत्र वर्कशॉपच्या दाराशी उभे आहे. रविवारी ज्युनियर कॅडेट्स रांगेने खेळतात. मागचे दार उघडले की ती निळी तार दिसते. ती कशाची, असे कोणी विचारले तर मी सांगतो.