सौद्याचा पडदा : नवख्यासाठी आणि जाणत्यासाठी

बाजार नुसत्या मालावर चालत नाही. भाव कोणास किती स्पष्ट दिसतो, यावर बाजाराची नीती ठरते. निपाणीची तंबाखू आणि कोल्हापूरचा गूळ पाहत वाढलेल्या आपल्या कोगनोळी परिसरातील कुटुंबांस हे नव्याने सांगावयास नको. पूर्वी अनेक बाजारांत 'हत्ता' पद्धतीने सौदे होत. अडत्या व खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता रुमालाकडे पाहत असे. पुढे नियंत्रित बाजाराचे कायदे झाले; मुंबई प्रांतात असा कायदा १९३९ साली झाला. हळूहळू उघड लिलावाची रीत रुजली आणि रुमाल दूर झाला. आता तर लिलाव संगणकावर आले आहेत. केंद्र सरकारची 'ई-नाम' योजना १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाली.

आपल्या घरांतील काही तरुण आज आणखी एका बाजारात उतरू लागले आहेत. तो म्हणजे बिटकॉइनसारख्या क्रिप्टो चलनांचा बाजार. येथे ना पोते, ना काटा, ना अडत्या. सारा व्यवहार मोबाइलच्या पडद्यावर, बोटाच्या एका दाबाने होतो. हा पडदा उघड्या लिलावासारखा आहे की तो नवा रुमाल आहे, आणि त्याची मांडणी नव्याने करावयाची झाल्यास ती कशी असावी, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. कोणास या धंद्यात ओढावे असा आमचा हेतू नाही. परंतु ज्या दारातून मुले आत जात आहेत, ते दार कसे आहे हे वडीलधाऱ्यांस ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

१. बाजाराची थोडी ओळख

बिटकॉइन २००९ साली अस्तित्वात आले. त्याची एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाही, अशी त्याची रचना आहे. ते भारतात कायदेशीर चलन नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांस या व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरविला. त्यानंतर खरेदी-विक्री वाढली.

भावातील चढउतार किती तीव्र असतो हे एका उदाहरणावरून कळेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव सुमारे ६९,००० डॉलर होता. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात तो सुमारे १६,००० डॉलरवर आला. म्हणजे शंभराचे साधारण तेवीस उरले.

सौदा दोन प्रकारे करता येतो. 'मिळेल त्या भावाने द्या' हा पहिला प्रकार, आणि 'अमुक भावाहून अधिक देणार नाही' हा दुसरा. समजा, एका नाण्याचे १० नग १०० रुपयांस व पुढचे १० नग १०४ रुपयांस विकावयास आहेत. पडद्यावर ठळक अक्षरांत भाव दिसतो १०० रुपये. परंतु 'मिळेल त्या भावाने' २० नग घेणाऱ्यास सरासरी १०२ रुपये पडतात. जाणत्यास हे ठाऊक असते, म्हणून तो विक्रेत्यांची व खरेदीदारांची संपूर्ण यादी उघडून पाहतो. नवख्यापुढे ती यादी ठेवली तर आकड्यांच्या गर्दीने तो गोंधळतो, आणि लपविली तर तो फसतो. नव्या मांडणीपुढील पेच तो हाच.

२. दोन दारांचा अनुभव

यावर पुष्कळ कंपन्यांनी उपाय काढला तो असा की, घरास दोन दारे करावीत. मुंबईतील कॉइनडीसीएक्स या कंपनीने काही काळ 'गो' आणि 'प्रो' अशी दोन रूपे चालविली. अमेरिकेतील कॉइनबेस कंपनीचेही एक साधे रूप व एक 'प्रो' रूप होते. कल्पना वाईट नव्हती. पण तेथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी घडली. साध्या दारातले शुल्क जाणत्यांच्या दारापेक्षा अधिक होते. सोपेपणाची किंमत नवख्याकडून घेतली जात होती, आणि पलीकडे स्वस्त दार आहे हे पुष्कळांस ठाऊकच नव्हते. पुढे २०२२ साली कॉइनबेसने वेगळे 'प्रो' रूप बंद करण्याचे ठरवून ती साधने मूळ खात्यातच आणली.

यावरून एक धडा मिळतो. दारे दोन असली तरी भाव आणि शुल्क दोन्हीकडे सारखेच स्पष्ट दिसले पाहिजे. हदीसमध्ये एक प्रसंग आहे. पैगंबरसाहेबांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतील धान्य ओले लागले. ओले धान्य लोकांस दिसेल असे वरच का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले. पडद्याची मांडणी करणाऱ्याने हाच प्रश्न स्वतःस विचारावा. नफ्याचा आलेख वर आणि शुल्काची ओळ तळाशी बारीक अक्षरांत, ही ओल्या धान्याचीच रास होय.

३. जाणताही फसतो

जाणत्यास कशाची गरज नाही, असे मानणे चूक आहे. २ मे २०२२ रोजी लंडनमध्ये सिटी या मोठ्या बँकेच्या एका अनुभवी व्यवहारकर्त्यास ५ कोटी ८० लाख डॉलरचे समभाग विकावयाचे होते. रकमेचा आकडा नगांच्या रकान्यात पडला, आणि सौदा तयार झाला ४४,४०० कोटी डॉलरचा! यंत्रणेने बराचसा भाग अडविला, तरीही सुमारे १४० कोटी डॉलरचे समभाग विकले गेले आणि युरोपातील बाजार काही काळ कोसळले. पडद्यावर इशारे आले नव्हते काय? आले होते, एकूण ७११! त्यांपैकी पहिल्या १८ ओळीच दिसत होत्या, आणि सर्व न वाचता पुढे जाता येत होते. मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या नियामकांनी बँकेस एकूण ६ कोटी १६ लाख पौंडांचा दंड केला. जेथे सातशे इशारे एकदम येतात, तेथे एकही वाचला जात नाही.

दुसरे उदाहरण आपल्या देशातील. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या मुंबईच्या बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरचे क्रिप्टो चलन चोरीस गेले. तिजोरी उघडण्यास अनेकांच्या सह्या लागत असत. कंपनीच्या निवेदनानुसार, सही करणाऱ्यांस पडद्यावर जे दिसत होते आणि प्रत्यक्षात ज्यावर सही होत होती, त्यांत फरक होता. तो पडदा पुरविणाऱ्या कंपनीने आपला दोष नाकारला. तो वाद काहीही असो. ग्राहकांस आपले पैसे काढता येईनात, आणि ही अडचण वर्षाहून अधिक काळ टिकली. दिसते ते आणि घडते ते एकच असणे, ही नवख्याची व जाणत्याची समान गरज आहे.

४. नवी मांडणी कशी असावी

बाजारसमितीत माल विकल्यावर शेतकऱ्याच्या हाती हिशेबाची पट्टी येते. एकूण रक्कम, वजावटी, आणि शेवटी हातात येणारे पैसे. आमच्या मते नवख्याच्या पडद्यावर बटण दाबण्यापूर्वीच अशी पट्टी दिसली पाहिजे. नमुन्यादाखल ती येथे करून पाहू. १०,००० रुपयांचे नाणे घेतले आणि १०,५०० रुपयांस विकले. शुल्क दोन्ही वेळी अर्धा टक्का धरू : ५० रुपये आणि ५२ रुपये ५० पैसे. १ एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला. ५०० रुपयांवर तो १५० रुपये, आणि त्यावर ४ टक्के उपकर ६ रुपये. पडद्यावर नफा दिसतो ५०० रुपये. पदरात पडतात २४१ रुपये ५० पैसे. शिवाय विक्रीच्या रकमेतून १ टक्का आधीच कापून घेण्याची तरतूद १ जुलै २०२२ पासून आहे. ती रक्कम पुढे करात वळती होते. आणखी महत्त्वाचे म्हणजे, दुसऱ्या नाण्यात ५०० रुपये बुडाले तरी ते पहिल्याच्या नफ्यातून वजा करता येत नाहीत. एकूण कमाई शून्य, तरी कर द्यावाच लागतो. हे पट्टीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे.

नवख्यासाठी आणखी तीन गोष्टी हव्यात. पहिली, उसन्या पैशाने सौदा करण्याची सोय त्याच्या दारात नसावी. दुसरी, पहिल्या व्यवहारापूर्वी थांबण्याची मुदत असावी; ब्रिटनमध्ये नव्या ग्राहकासाठी २४ तासांची अशी मुदत जानेवारी २०२४ पासून सक्तीची झाली. तिसरी, सौदा झाल्यावर उत्सव नसावा. अमेरिकेतील रॉबिनहूड कंपनीच्या पडद्यावर रंगीत कागदांची उधळण होत असे. टीका झाल्यावर २०२१ साली ती काढून टाकण्यात आली. बाजार म्हणजे जत्रेतला पाळणा नव्हे.

जाणत्यास संपूर्ण यादी, मर्यादित भावाचे सौदे व वेग द्यावा. मात्र त्याच्या नेहमीच्या व्यवहाराच्या कित्येक पट मोठा आकडा आला, तर इशारा एकच असावा आणि आकडा पुन्हा लिहिल्यावाचून पुढे जाता येऊ नये. चढ-उतार केवळ हिरव्या-तांबड्या रंगाने दाखवू नये; बाण व चिन्हही असावे. रंगांधळ्यास हे दोन रंग सारखे दिसू शकतात, आणि जपानात तर तांबडा रंग भाववाढीचा मानतात. एका दारातून दुसऱ्यात जाण्याची परवानगी जमा रकमेवर नव्हे, तर समजुतीवर मिळावी, आणि परत येण्याची वाट नेहमी मोकळी असावी.

५. घरातील अभ्यास

अशी मांडणी होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हाती कागद व पेन्सिल आहे. आपल्या कोगनोळीच्या टोलनाक्यावर दराचा फलक गाडी पुढे नेण्यापूर्वी वाचता येतो. मोबाइलवर तसा फलक नसेल तर तो घरी तयार करावा. मुलाने सौदा करण्याआधी वडिलांपुढे वा आईपुढे बसून तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत : सर्व वजावटींनंतर हातात किती येईल? शंभराचे तेवीस झाले तर घरातील कोणता खर्च अडेल? उद्या पैसे काढता आले नाहीत तर काय? ज्यास ही तीन उत्तरे लिहिता येत नाहीत, त्याने बटण दाबू नये. तंबाखूच्या पट्टीतील चूक ज्यांना एका दृष्टिक्षेपात सापडते, त्या आपल्या वडीलधाऱ्यांस या नव्या पट्टीतील चूक सापडणे काही कठीण नाही. तिच्यावरून त्यांची नजर एकदा फिरू द्यावी.